साडूने सुचवलेला स्ट्रीमर

साडूच्या दिवाणखान्यात बायको गाणं ऐकत बसली की चष्मेवाल्याच्या पोटात दुखायचं. अगदी खरंखुरं, बोट ठेवून दाखवता येईल असं. घरी येऊन तो पित्ताची गोळी घ्यायचा आणि गोळीने काडीचाही फरक पडायचा नाही. पडणार कसा? साडूवर अजून कुणी गोळी काढलेली नाही.

बरं, हा साडू काही राक्षस नव्हता. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, नळ आणि फरशांचा व्यापारी, पोट सुटलेला, सदा हसतमुख. हसतमुख माणसावर जळायचं म्हणजे दुप्पट कष्ट असतात हो, कारण तो निमित्तच देत नाही. दिवाणखान्यात छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर, त्यांच्यामध्ये चकचकीत यंत्रं, आणि साडू सोफ्यात लोळत फोनवरून गाणी लावायचा. त्याचंही आपल्या चष्मेवाल्याला एवढं काही नव्हतं. श्रीमंताने श्रीमंती करावी. पण बायको तिथे खुर्चीत बसायची, डोळे मिटायची, पायाने ठेका धरायची, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की हा बघतच राहायचा. लग्नाच्या सुरुवातीला हा चेहरा त्याने रोज बघितला होता. आता तो चेहरा साडूच्या घरी जाऊन बघायचा? कुठल्या नवऱ्याला खपेल?

त्यात साडूची एक सवय याच्या डोक्यात जायची. याच्या बायकोशी बोलायचं असलं की हा गृहस्थ समोरून बोलायचा नाही. मुद्दाम उठून, खुर्चीला वळसा घालून तिच्या पलीकडच्या बाजूला जायचा, वाकायचा आणि कानाशी हळूच काहीतरी बोलायचा. ती हसून मान डोलवायची. चष्मेवाला इकडे चहाच्या कपात बघत मूग गिळून बसायचा.

घरी काय होतं? लग्नाआधी हौसेने घेतलेला अॅम्प्लिफायर होता आणि जाळी फाटलेले दोन स्पीकर होते. सीडी वाजवणारं यंत्र कधीच निकालात निघालं होतं. आता फोनवरचं गाणं त्या अॅम्प्लिफायरपर्यंत पोचवायला स्ट्रीमर नावाची एक डबी मिळते, इंटरनेटवरून गाणी ओढणारी, असं त्याला कळलं. झालं! त्याने ठरवलं, डबी आणायची. तोच चेहरा आपल्या घरात, आपल्या सोफ्यावर दिसला पाहिजे. साडूला बोलवायचं आणि म्हणायचं, बसा, ऐका.

पगार चष्म्याच्या दुकानातला, त्यामुळे उड्या मारायच्या त्या बेतानेच. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत तो दिवसभर गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचा. नाकावर जड फ्रेम चढवायची, काच घालायची, विचारायचं, "आता बरं दिसतंय की मघाशी?" एक गिऱ्हाईक गेलं की दुसरं येईपर्यंत फोनवर स्ट्रीमरची परीक्षणं वाचायची. याचा आवाज उबदार, त्याचा स्वच्छ. याचं अॅप रडकं, त्याचं वायफाय रुसणारं. लोक एका डबीवरून एकमेकांच्या आईबापापर्यंत जातात, हेही त्याला तिथेच कळलं.

आणि मग साडूचा फोन आला. बायकोने बहिणीला सांगितलं असणार, दुसरं कोण!

"अहो साडू, उगाच खर्चात पडू नका," साडू म्हणाला. "सगळ्यात साधी डबी घ्या ती. तिच्यात दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून दोन्ही स्पीकरवर सोडायची सोय आहे. तुमच्या घराला तीच बरी."

तुमच्या घराला! चष्मेवाल्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

"एकत्रच करायचा तर दोन स्पीकर कशाला ठेवू? एक देऊन टाकतो भंगारात."

"तसं नाही हो, मला वाटलं..." साडू जरा घुटमळला. "बघा बुवा. घर तुमचं."

त्याच क्षणी ती साधी डबी बाद झाली. फुकट दिली असती तरी त्याने घेतली नसती. त्याने तिच्या वरच्या दोन निवडल्या. दुकानदार ओळखीचा, त्यामुळे दोन्ही घरी नेऊन ऐकायची मुभा मिळाली. रविवारी सकाळी त्याने सोफा फूटपट्टी लावून बरोबर मध्ये आणला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाहीच. मग तो ओरडला. हल्ली हे नेहमीचंच झालं होतं. इथे हाका मारून घसा कोरडा होतो, आणि तिकडे साडू कुजबुजला तरी ऐकू जातं! असं मनात म्हणत त्याने तिला सोफ्याच्या मधोमध बसवलं.

"हे ऐक. बासरी डावीकडून येते आणि गाणारी उजवीकडून. कळतंय?"

"हो."

त्याने तारा बदलल्या, तेच गाणं लावलं. "आता हे बरं की मघाचं?"

"दोन्ही सारखंच की."

"नीट ऐक ना!"

"ऐकतेय. सारखंच आहे हो. स्वस्तातलं घ्या."

दुकानात एखादं गिऱ्हाईक असं बोललं असतं तर त्याने काच बदलली असती, एक डोळा झाकून पाहिलं असतं, पुन्हापुन्हा विचारलं असतं. माणसाला फरक दिसत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्याच्या हातांनासुद्धा ठाऊक होतं. पण घरी हात नुसते शिवशिवले. हिला ऐकायचंच नाहीये, हिला माझी डबी आवडून घ्यायचीच नाहीये, असं त्याने धरलं आणि चिडून दोन्हींतली महाग डबी ठेवली. बायको "छान आहे" म्हणाली आणि कणीक मळायला गेली. नंतरच्या दिवसांत त्याने गाणं लावलं की ती येऊन बसायची, शाळेत बसल्यासारखी. डोळे उघडे. पाय जागच्या जागी.

आणि पुढच्याच आठवड्यात ती बहिणीकडे गेली.

दुकानातून सुटल्यावर तो तिला आणायला म्हणून गेला. खरं तर बघायला गेला. दार उघडंच होतं. मेहुणी स्वयंपाकघरात, आणि दिवाणखान्यात त्याची बायको त्या खुर्चीत डोळे मिटून बसलेली. चेहऱ्यावर तेच. साडू तिच्या पलीकडे वाकून कानाशी काहीतरी विचारत होता. तिने हसून हाताने "अजून थोडं" अशी खूण केली. साडूने फोनवर बोट फिरवलं.

चष्मेवाला चहाला थांबला नाही. बायकोला घेऊन तडक घरी आला. दार लावलं आणि मग फुटला.

"काय सांगतो तो तुझ्या कानात?"

"कोण?"

"तुझे भाऊजी! दर वेळी उठून त्या बाजूला जातो, वाकतो, कुजबुजतो. मी काय आंधळा आहे? काय बोलतो एवढं?"

ती रागावली नाही, गोंधळली.

"ऐकू येतंय का, असं विचारतात."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? डाव्या कानाने मला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही ना. ते उजव्या बाजूला येऊन विचारतात. दोन्हीकडचा आवाज एकत्र करून देतात, मग मला सगळं मिळतं. आपल्याकडे बासरी कुठे वाजते ते मला कळतसुद्धा नाही."

तो खाली बसला. मधोमध आणलेल्या त्याच सोफ्यावर.

"कधीपासून?"

"झाली की वर्षं. हळूहळू गेलं ते."

"आणि हे त्याला सांगितलंस? मला नाही, त्याला?"

"मी कुणालाच सांगत फिरले नाही. त्यांनी एकदा हाक मारली, मी बघितलं नाही. म्हणून त्यांनी विचारलं."

चष्मेवाल्याच्या पोटात पुन्हा दुखलं, पण हे दुखणं वेगळं होतं. इतके महिने तो साडूच्या स्पीकरवर, यंत्रांवर, पैशांवर जळत होता. आणि जळण्यासारखं होतं ते इतकंच, की हाक मारल्यावर त्या माणसाने वळून विचारलं.

"मला तरी सांगायचं होतंस गं," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्हाला काय सांगायचं?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकी माया होती की त्याला वर बघवेना. "तुम्ही आपणहूनच मोठ्याने बोलायला लागलात. ताईला मी म्हटलंसुद्धा, आमच्या ह्यांना न सांगता कळलं. मला जड जाऊ नये म्हणून घरभर ओरडून बोलतात बिचारे."

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. आपण सगळं नीट समजलो ना, एवढंच तिला हवं होतं.

आता खोटंच बोलावं लागणार होतं; साडूला असं खोटं कधी बोलावं लागलं नसतं, हे त्याही क्षणी त्याच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

"हो," तो म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही. मग तो उठला, तिच्या उजव्या बाजूला गेला आणि पुन्हा म्हणाला, "हो. तुझ्यासाठीच."