नीट मेलेल्याला वास नसतो

बरणीचं झाकण उघडलं आणि ताईनं तोंड फिरवलं.

पॅथॉलॉजीच्या त्या खोलीत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ऑपरेशनमध्ये काढलेलं जे काही असेल ते तिथे यायचं. त्याचे पातळ काप करायचे, ते रंगवायचे आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, हे तिचं काम. पित्ताशय, आतडी, काळी पडलेली बोटं. डबा खाताना यांच्या गप्पा निघाल्या तरी तिचा घास कधी अडला नव्हता. काढलेलं कुजू नये म्हणून ज्यात बुडवतात त्या फॉर्मॅलिनचा वास नाकाला झोंबतो, डोळ्यांतून पाणी काढतो, पण तो घाण नसतो. हा वास निराळा होता. फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्यासारखा गोडसर, आणि त्या गोडाच्या आत कुजलेलं मांस.

बरणी तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची होती. घरच्या माणसाचा नमुना स्वतः कापायचा नाही असा तिथला नियम, म्हणून सुरी सहकारी बाईच्या हातात होती आणि ताई पलीकडच्या टेबलाशी उभी होती.

"अगं, अख्खाच कोंबलाय," सहकारी म्हणाली. "एक चीर म्हणून दिली नाही. आणि बरणीचं तोंड बघ केवढंसं! आता हा काढू कसा?"

स्तन काढला की तो आधी चिरायचा, मग ऐसपैस भांड्यात भरपूर फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचा, हे नर्सिंगच्या मुलींनाही माहीत असतं. फॉर्मॅलिन घाईघाईनं आत शिरत नाही. दिवसाला जेमतेम नखाएवढं मुरतं. ऑपरेशन झालं त्याच्या पुढे सुट्टी लागलेली. मोठं भांडं सापडलं नसेल, कुणाला घरी पळायचं असेल. उशीत कापूस दाबतात तसा दाबला आणि झाकण लावलं. बाहेरून तो खोडरबरासारखा घट्ट झाला होता. सहकारी बाईनं सुरी घातली तेव्हा आतून तपकिरी रबडी ओघळली आणि तिच्या हातमोज्यांवरून टेबलावर आली.

"ईऽऽ! अगं बाई!" ती मागे सरकली. "पंखा लाव गं कुणीतरी."

"रंग घेईल का?" ताईनं नाकावर पदर न धरता विचारलं.

"हा चिखल? गाठ नेमकी मधोमध होती. काही नाही राहिलं बघण्यासारखं."

आता हे नुसतं एका नमुन्याचं वाटोळं नव्हतं. या बहिणींची आई चाळिशीत गाठीनं गेली. मामा कॉलेजात असताना हाडाच्या कॅन्सरनं गेला. आता धाकटी, तिशी ओलांडते न ओलांडते तोच. डॉक्टरांना एका जनुकाचा संशय होता. टीपी-त्रेपन्न हे त्याचं कागदावरचं नाव; खोलीत सगळे त्याला पहारेकरी म्हणत. पेशी बिघडली की तिला थांबवायचं, दुरुस्त होत नसेल तर 'तू आता मर' असं सांगायचं, हे त्याचं काम. तो घराण्यातच मोडका असेल तर सोमवारी सुरू होणारा किरणांचा शेक धाकटीला तारायच्या ऐवजी मारू शकत होता. रक्त तपासलं की कळलं असतं. पण रक्त म्हटलं की ती कानावर हात ठेवायची. "त्या कापलेल्यात काय दिसेल ते बघा. माझ्या रक्ताला हात लावायचा नाही." म्हणून डॉक्टर म्हणाले होते, बरं, गाठीचे काप रंगवून बघू, निदान अंदाज तरी येईल.

आता तेही गेलं.

संध्याकाळी ताई थेट धाकटीच्या घरी गेली. दार धाकटीच्या मुलीनं, चिमीनं उघडलं. आत धाकटी मोरीत उकळत्या पाण्यात स्वतःचे कपडे बुचकळत होती. आजारी पडल्यापासून तिचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा, चिमीनं मांडीवर बसायचं नाही. सांगून थकले होते सगळे की हा लागण होणारा रोग नव्हे. तिला स्वतःची किळस आली होती, आणि किळशीला कोण समजावणार?

ताई जवळ गेली तशी धाकटीनं नाक मुरडलं. "कसला वास येतोय गं तुला? उंदीर मेलाय का तुमच्या तिथे?"

ताईच्या मनात आलं, खोटं सांगावं. मग ती म्हणाली, "तुझ्या नमुन्याचा. नासवला तो."

धाकटी धावत बेसिनकडे गेली आणि भडाभडा ओकली. तोंड धुऊन वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "बघितलंस? मी म्हणत नव्हते? आतून सडलेय मी. आईनं दिलेली घाण आहे ही. आणि तुला तीच माझ्या रक्तात शोधायचीय!"

"मूर्ख आहेस. ते तुझ्या अंगात नव्हतं सडलं, बरणीत सडलं. कोंबणाऱ्याच्या आळसाचा वास आहे तो."

"शब्दांचे खेळ नकोत, ताई."

"बरं. मग एक सांग. चिमीचं दूध तोडलंस तेव्हा काय झालं?"

"काय होणार? ठणकली छाती चार दिवस. मग गेलं दूध."

"आणि ते करणाऱ्या पेशी? कोट्यवधी पेशी मेल्या तुझ्या आत, पंधरवड्यात. वास आला? पू झाला? ब्लाउजला डाग पडला?"

चिमी दारात उभी राहून ऐकत होती. "मावशी, मग त्या मेलेल्या गेल्या कुठे?"

"शेजारच्या पेशींनी खाल्ल्या."

"शीऽऽ!" चिमी आनंदानं किंचाळली. "कच्च्या?"

"कच्च्या. आधी त्या आपणहून आकसल्या, स्वतःचे छोटे छोटे तुकडे केले, एकेक तुकडा पुडीत बांधला. शेजारणींनी गिळून टाकला. नीट मेलेल्याला वास नसतो, चिमे. वास येतो तो भलत्या मरणाला."

"तुला कामावर हेच शिकवतात?" धाकटी म्हणाली. तिच्या ओठाचा कोपरा हलला होता, पण लगेच बसला. "मग माझ्यात काय झालं?"

"एक बिघडलेली पेशी मेली नाही. तिला मर म्हणून सांगणारा कदाचित जन्मापासूनच लंगडा असेल. तसं असेल तर शेक नको. शेक पेशींना इजा करतो, आणि इजा झालेल्यांनी मरावं एवढीच त्याची आशा. तुझ्यातल्या मेल्याच नाहीत तर? एक गाठ जाळायला जाशील आणि चार पेरून येशील."

"कदाचित, असेल, तर." धाकटीनं तिची नक्कल केली. "खात्रीचं काहीच नाही तुझ्याकडे."

"नाही. ते रक्तात आहे."

"आणि निघालंच, तर चिमीचं काय?"

"चिमीत असेल तर ते आत्ताही आहे. तू डोळे मिटलेस म्हणून जाणार नाही. कळलं तर तिची दरवर्षी तपासणी करता येईल. मामाची गाठ नारळाएवढी झाल्यावर कळली, आठवतंय?"

धाकटीनं चिमीकडे पाहिलं. तिला आठवत होतं. खाटेवरची ती सुजलेली मांडी, आणि माश्या हाकलत बसलेली आई. तिनं पुन्हा एकदा चूळ भरली, टॉवेलनं तोंड खसाखसा पुसलं आणि फोन उचलला.

"हॅलो, सोमवारचा शेक आहे माझा. तो नको. नाही, तब्येतीला काही झालेलं नाही. आधी रक्त तपासायचंय, डॉक्टरांना तसं सांगा. हो, थांबायला तयार आहे मी." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि अजून एक. माझा तो नमुना बरणीत कोंबला कोणी?"

पलीकडून काहीतरी गुळमुळीत आलं.

"तुमच्या विभागाचा प्रश्न नाही, मग ज्यांच्या विभागाचा आहे त्यांना द्या. तुम्ही शोधा, मी फोन धरते." फोनमध्ये बारीक संगीत सुरू झालं. धाकटी भिंतीला टेकली, मोकळ्या हाताची बाही दातांनी वर ओढली आणि तो हात ताईपुढे केला.

"शीर दिसते का बघून ठेव," ती म्हणाली. "मागच्या वेळी तिघींनी टोचून चाळण केली होती."