उमरावाचा बिल्ला

"आणि बिल्ला काढून घेतला तर, मिस?"

वर्गात स्टेफी आईला मिसच म्हणायची. प्रश्न ऐकला आणि सेलीनचा मार्कर फळ्यावरच थांबला.

कतारमधल्या अल खोरच्या शाळेत ती बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होती. आज धडा होता चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनच्या नाटकांचा. बायकांची कामं करणारे मुलगे, प्लेग आला की कुलूप लागणारी नाट्यगृहं. आणि नट. नटाला कुणातरी उमरावाचं नाव लागायचं. त्याचा पोशाख अंगावर, बिल्ला छातीवर, तरच तो नट. नाहीतर कायद्यानं भटक्या. एवढं सांगून पुढे सरकायचं तिनं सकाळीच ठरवलं होतं, पण लेकीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

चाबकाचे फटके, कानाला तापलेल्या लोखंडाचा डाग, असं तिनं सांगितलं. पहिल्या बाकावरच्या इनायानं नकळत आपला कान झाकला. स्टेफीनं विचारलं, सगळेच पकडले जायचे का? खोटं शिकवणं सेलीनला कधी जमलं नव्हतं. काही जण जुनाच पोशाख घालून, रद्द झालेला परवाना दाखवून गावोगाव खेळ करत, ती म्हणाली. पकडले जाईपर्यंत.

स्टेफीनं ते वहीत उतरवून घेतलं. मान काही वर केली नाही.

सेलीनच्या नवऱ्याची, ऑस्वल्डची, रास लफानच्या गॅस प्रकल्पातली नोकरी जाऊन तीन आठवडे झाले होते. घरातल्या सगळ्यांचा व्हिसा त्याच्याच नावावर, म्हणजे तिघांनाही वसई गाठावी लागणार. स्टेफीचे बोर्डाचे पेपर दीड महिन्यावर आलेले. ते संपेपर्यंत पोरीला काही कळू द्यायचं नाही, असं नवराबायकोनं ठरवलं होतं. म्हणून ऑस्वल्ड रोज पहाटे निळा कव्हरऑल चढवायचा, डबा घ्यायचा, कंपनीच्या बसला निघाल्यासारखा निघायचा आणि तीन वाजेपर्यंत समुद्राकाठी बसून राहायचा. गेटपास कंपनीनं पहिल्याच दिवशी काढून घेतला होता. खिशावर त्याची रिकामी क्लिप तेवढी राहिली होती.

साडेतीनला तो घरी आला आणि रोजच्यासारखा दमल्याचा सुस्कारा टाकला. आज कॉम्प्रेसरनं जीव काढला म्हणाला. स्टेफीनं "ओह, पुअर यू" म्हणून पाण्याचा ग्लास पुढे केला.

स्वयंपाकघरात सेलीन हळूच म्हणाली, "तिला कळलंय वाटतं."

"कसं कळंल? मी काय बोललो काय?" ऑस्वल्ड दुखावला. तीन आठवडे जीव ओतून काम केलं होतं बिचाऱ्यानं. कव्हरऑलवर ग्रीसचा एक डागसुद्धा पडत नव्हता, हे मात्र दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कपडे मशीनला लावायचं आणि त्यांच्या घड्या करायचं काम स्टेफीकडे होतं.

संध्याकाळी सेलीन खोलीत डोकावली तेव्हा लेक इस्त्री करत होती. कॉलर झाली, बाह्या झाल्या. मग तिनं खिशाची पट्टी ओढून त्या रिकाम्या क्लिपवर नीट बसवली, दिसू नये अशी. सेलीन दारातच उभी राहिली.

घरातसुद्धा इंग्रजीच बोलणारी ती पोर मान न वळवता मराठीत म्हणाली, "पप्पांना सांग, उद्याचे कपडे तयार आहेत."

सेलीननं "बरं" म्हटलं आणि उद्याचा डबा घासायला घेतला.