तुकाबाईचा घास

मित्रांनो, मी एक जुनी गाडी हाय. विजेवर चालणारी. रंग पांढरा, डाव्या दारावर शेरडाच्या शिंगाचा ओरखडा, आन चार्जिंगच्या तोंडावरचं, झडपंच्या आतलं रबरी टोपण कवाच तुटून पडलेलं. त्या टोपणाचं पुढं काम पडणार हाय, म्हणून आत्ताच सांगून ठिवते.

कारखान्यातलं मला फार आठवत न्हाई. आठवतंय ते बावधन. तितं ऋषिकेश नावाच्या साहेबाकडं मी चार वर्सं नांदले. सोसायटीच्या तळघरात माझी स्वतःची जागा, भितीला माझा स्वतःचा प्लग. संध्याकाळी तोंडात वायर घालायची आन सकाळी पोट भरून उठायचं. भूक म्हंजी काय, मला ठाऊक न्हवतं. मंग साहेबाला मोठी गाडी पायजे झाली आन मी निघाले रिहे गावाला.

रिह्याच्या वस्तीवर म्हसूचं घर. म्हसू मेंढरंवाला. पोरगी करिष्मा हट्टाला पेटली, मला गाडी चालवायचीय, मेंढरं न्हाई. म्हसूनं महिनाभर तोंड फिरवलं, आन एक दिस व्हती ती तीसच्या तीस मेंढरं इकून मला आणलं. ती मेंढरं टेम्पोत चढताना त्यो मागं वळून बघत न्हवता म्हणं. मला बघायला वाडीवरची माणसं आली. एकानं खाली वाकून सायलेन्सर हुडकला, सापडला न्हाई, तवा म्हणाला की म्हसूला फशिवला. करिष्माची आई तुकाबाई मात्र पुढं आली. मेंढीच्या पाठीवरनं फिरवावा तसा तिनं माझ्या बॉनेटवरनं हात फिरवला, बास.

कामबी चांगलं मिळालं. बावधनच्या एका कंपनीच्या कॅन्टीनात शेजारच्या भरे गावाच्या चार बाया भाकऱ्या थापायला जात्यात. त्यांना सकाळी सातला पोचवायचं, दुपारी आणायचं. त्यातली रंभाबाई सगळ्यांची पुढारी. ती म्हणायची, ह्या गाडीत आवाज न्हाई ही लई वंगाळ गोष्ट हाय, जावंबद्दल बोललेलं पार पुढच्या शिटापातूर ऐकू जातंय. पण खूश व्हती.

आता माझं दुखणं ऐका.

वस्तीवर करंट असा, की पंखा फिरताना त्याची पाती मोजून घ्यावी. तितं माझं पोट भरायचं म्हंजी दोन दिस लागायचे. म्हणून भऱ्याला, माऊलीच्या हॉटेलापुढं चार्जिंगचा खांब हाय, तितं जायचं. जायचं आन वाट बघायची. कवा खांबापुढं कुणाची तरी डिझेलची जीप उभी, मालक आत मिसळ खातोय. हाका मारल्या तर म्हणतोय, रस्सा गार व्हईल. कवा गनवर कुणीतरी वला टावेल वाळत घातलेला. गन म्हंजी त्यो वायरीचा दांडा, जो माझ्या तोंडात बसतोय. गुरुवारी लाईटच न्हाई. लाईट असली तर मोबाईलला रेंज न्हाई, रेंज असली तर खांब म्हणतोय, हितं दुसरं अ‍ॅप लागतंय. करिष्माच्या मोबाईलात असली पाच अ‍ॅपं झाली, आन पाचीत तिचे थोडे थोडे पैसे अडकून पडलेले. बैल बरा, मित्रांनो. त्याला कुणाच्याबी बांधावरचं गवत चालतंय, गवत त्याला पासवर्ड इचारत न्हाई.

अशातच मी दोनदा वाटंत, भुकुमच्या पुढं, रिकाम्या पोटी बसले. चारी बाया डबे घिऊन रस्त्यावर. दुसऱ्या खेपंला कॅन्टीनवाल्यानं करिष्माला सुनावलं, आन घरी आल्यावर म्हसूनं भाकरी बाजूला सारून सांगितलं, "आता तिसऱ्यांदा बाया रस्त्यावर उतरल्या, तर गाडी इकायची आन मेंढरं आणायची. तू मेंढरामागं. मी परत सांगणार न्हाई."

त्या दिसापासनं माझ्या पडद्यावरचा टक्का करिष्मा देवाच्या दिव्यासारखी बघायला लागली.

मंग दसरा आला. कॅन्टीन बंद. करिष्मानं मला घासून धुतलं, झेंडूची माळ घातली, चाकाला हळदकुंकू लावलं आन आपट्याची पानं घिऊन भावकीत सोनं द्यायला गेली. पोटात माझ्या नऊ टक्के. दुसऱ्या दिशी पाटंलाच भऱ्याला जाऊन भरू, म्हणाली.

ती गेल्यावर तुकाबाई ताट घिऊन आली. ओवाळलं. मंग जराशी थांबली. मेंढरांची पूजा झाली की ती आधी त्यांना घास द्यायची, मंग आपण जेवायची. सणाच्या दिशी दारातलं जनावर उपाशी ठिवायचं न्हाई, ही तिची रीत. तिनं करिष्माला वायर लावताना शंभरदा बघितलेलं. माझी झडप उघडली आन पुरणपोळीचा चांगला लिंबाएवढा गोळा माझ्या तोंडात दाबला. वर तूप. गालावरनं हात फिरवून म्हणाली, "खा बये. लेकीला रस्त्यात सोडू नगंस."

टोपण असतं तर वाचले असते. मला बोलता येत असतं तरी वाचले असते. झडप लागली, आन रातभर मुंग्यांची रांग.

सकाळी पाचला आमी भऱ्यात. खांबापुढं जीप न्हवती, लाईट व्हती, रेंज व्हती. असला योग वर्सातनं एकदा. करिष्मानं गन लावली तर ती आत बसंना. दाबली, फिरवली, काढली, परत लावली. खांब लाल दिवा दाखवून म्हणतोय, पुन्हा प्रयत्न करा. तिनं हेल्पलाईनला फोन लावला. तितली बाई हिंदीत म्हणाली की तुमची तक्रार आमच्यासाठी फार महत्त्वाची हाय, आन गाणं लावून गेली.

माऊली शटर वर करून आला. "काय पोरी, आज गाडीला उपास हाय का?"

सव्वासहाला बाया आल्या. रंभाबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा करिष्माकडं. सहा चाळीसला पौडकडनं शिटं भरत वडाप येतंय, ते चुकलं की सात हुकलं. ती म्हणाली, "करिष्मे, तुझ्यावर माझा राग न्हाई. पण माझा खाडा पडतोय."

तेवढ्यात करिष्मा वराडली. तिच्या बोटाला मुंगी डसली व्हती. तिनं मोबाईलचा उजेड माझ्या तोंडात टाकला, वाकली, वास घेतला. जायफळ. पोरगी तितंच चाकापाशी बसली. समदं कळलं तिला.

माऊली मदतीच्या भरात पाण्याचा जग घिऊन धावला. करिष्मानं त्याचा हात धरला. "काका, पाणी न्हाई. पाणी गेलं तर ही कायमची गेली."

आन त्याच येळंला म्हसूची मोटारसायकल आली. वाडीवरच्या लोकांच्या गाईंचं दूध गोळा करून रोज माऊलीच्या हॉटेलला घालतोय त्यो. मागं तुकाबाई, पिरंगुटला भणीला सोनं द्यायला निघालेली. म्हसूनं लाल दिवा बघितला, उभ्या बाया बघितल्या. दुधाची किटली खाली ठिवली.

"तिसरी खेप," त्यो म्हणाला. "बास झालं."

करिष्मानं मान खाली घातली. आईचं नाव तिच्या ओठावर आलं न्हाई. मी ते जवळनं बघितलंय, मित्रांनो. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. पण तुकाबाईला मुंग्या दिसल्या, आन ती मोटारसायकलीवरनं उतरून मधी आली.

"तिला बोलू नगा. घास म्या दिलाय."

"कसला घास?"

"सणाचा. मेंढरं असती तर त्यांना दिला असता. ती न्हाईत. मंग कुणाला देऊ?"

म्हसूनं किटलीवरचं फडकं उगंच पिळलं. मंग रंभाबाईकडं वळला, ज्या बाईशी त्यो कवा दोन शब्द बोलला न्हवता. "बाई, वडाप येऊस्तोवर मला येळ द्या."

करिष्मानं मला पुरतं बंद केलं. म्हसूनं माऊलीकडनं बांबूची काडी मागून घेतली, कोयत्यानं तासून चपटी केली, टोकाला कोरडं फडकं गुंडाळलं. उभा जलम त्यानं मेंढरांच्या खुरातनं काटे आन जखमंतनं किडे काढलेत. तसाच माझ्यापुढं उकिडवा बसला. एक एक भोक. कण कण पुरण. एक एक मुंगी. मधीच म्हणाला, "हालू नगं गं." मी कुटं हालतीय. बाया डबे खाली ठिवून भोवती उभ्या, आन रंभाबाई उजेड धरून.

वडाप आलं. हॉर्न वाजिवला. रंभाबाईनं हातानंच खुणावलं, पुढं जा.

करिष्मानं गन लावली. खट. दिवा हिरवा.

पंधरा मिंटं खाल्लं आन निघाले. सातला वीस मिंटं उशीर झाला. कॅन्टीनवाला बोलायला तोंड उघडतोय तर रंभाबाई म्हणाली, "आधी भाकऱ्या थापू द्या, मंग बोला."

गाडी इकायचं म्हसूनं परत काढलं न्हाई. करिष्मानं भीत भीत इचारलं तर एवढंच म्हणाला, "कुठल्या मेंढराला काय चारायचं हे कळायला मला धा वर्सं लागली. हिला येऊन सहा म्हैने झाले." आन दुसऱ्या दिशी पिरंगुटहून नवं टोपण आणलं, दोरीसकट.

म्हणून माझं मागणं ऐका, मित्रांनो. खांबापुढं जीप लावून मिसळ खाऊ नगा. गनवर टावेल वाळत घालू नगा, ती दोरी न्हाई. अ‍ॅपवाल्यांना कुणी भेटलं तर सांगा, पाचाचं एक करा. ते ऐकणार न्हाईत, तरी सांगा. आन माया करायची असली तर जरूर करा, पण आधी इचारा.

यंदाच्या दसऱ्याला तुकाबाई ताट घिऊन माझ्यापुढं आली. ओवाळलं, आन झडपंला हात लावायच्या आधी थांबली. घराकडं तोंड करून हाक मारली, "करिष्मे, हिचा घास कुटं ठिवू गं?"