गजराबाईचा निरोप

एक, दोन, तीन – असे तीन आकडे त्या पातळ प्लॅस्टिकच्या कोपऱ्यांवर छापलेले होते, आणि त्याच क्रमानं ओढलं की आतला भाताचा त्रिकोणी गोळा काळ्या पापुद्र्यासकट अलगद मोकळा होतो, असं स्नेहलनं नऊ दिवसांत चारदा दाखवूनही सोमाजीनं आज पुन्हा आधी तीन ओढला होता... पापुद्रा अर्धा प्लॅस्टिकमध्येच राहिला, भात बोटांना चिकटला. त्यानं तो तसाच खाल्ला. मधोमध काहीतरी आंबट-खारट लागलं, बरणीच्या तळाशी राहिलेल्या लोणच्याच्या फोडीसारखं. वाईट नव्हतं.

शेजारी बाकावर बसलेल्या लेकीनं, स्नेहलनं ते पाहिलं आणि ती हसली. तिचा गोळा नीट सुटला होता. समोरून माणसं चालली होती – डोक्यावर मऊ कान लावलेल्या पोरी, ढकलगाडीत झोपलेली मुलं, आणि अख्खं एक घर, म्हाताऱ्यासकट, एकसारखे पट्ट्यांचे सदरे घालून. जपानातल्या या पाळण्यांच्या पार्कातला आज तिसरा दिवस, आणि शेवटचाही.

"उद्या या टायमाला तुमी विमानात, आबा," ती म्हणाली.

"व्हय."

या 'व्हय'नंतर ते वाक्य यायला हवं होतं. ते तयारच होतं. पिंपरी पेंढारहून निघताना बायकोनं, गजराबाईनं एसटी स्टँडवर त्याच्या स्वेटरचं बटण लावता लावता ते त्याच्या हवाली केलं होतं – पेठची माणसं दिवाळीपासून थांबल्यात, पोरगा चांगला हाय, मंचरला त्याचं सोताचं मेडिकल हाय, तिला म्हणावं तीन वर्सं लई झाली, आता ये. आणि वर, "तुमचं ती ऐकंल." का ऐकेल, ते तिनं सांगितलं नव्हतं. सोमाजीला ठाऊक होतं. जो कधीच काही सांगत नाही, त्यानं एकदा सांगितलं तर ऐकावं लागतं, एवढंच.

वाक्य घेऊन तो विमानात बसला. पहिल्या दिवशी पोरगी दमलेली दिसली म्हणून नाही, दुसऱ्या दिवशी ती त्याला समुद्र दाखवायला घेऊन गेली, तिथं वारा फार होता. तिसऱ्या दिवशी तिच्या खोलीत – खोली म्हणजे काय, अंथरूण घातलं की पाय ठेवायला जागा नाही – जेवताना त्याच्या पुढ्यात आलेल्या ताटलीला खाली दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. दुसरी ताटली त्याच्यासाठी आणलेली. म्हणजे तोवर एकच होती. त्या ताटलीकडे बघत काढायचा विषय हा नव्हे, असं त्याला वाटलं... की याच ताटलीकडे बघत काढायला हवा होता? मोबाइलमध्ये त्या पोराचा, सुदर्शनचा फोटो होता, दुकानाच्या काउंटरमागं उभा, मागं औषधांची खोकी. सोमाजी रात्री तो एकदा बघायचा. चेहऱ्यात काही खोट नव्हती. खोट असती तर सोपं झालं असतं.

"चला, पाणी भरून आणते," स्नेहल उठली. "इथनं हलू नका."

"न्हाई हलत."

ती गर्दीत शिरली आणि त्याची नजर आपोआप तिच्या पाठीला चिकटून गेली – निळं जाकीट, वर बांधलेले केस. चाळीस वर्षं त्यानं दुसरं काय केलं होतं? दोनशे मेंढरांच्या खांडात कुठली मागं रेंगाळते, कुठलीची नजर उसाकडं वळली, ते बघता बघता जेवायचं, बघता बघता तंबाखू मळायची. आता चाळीसच राहिली होती, आणि कोकणात उतरणंही चार वर्षांपूर्वी बंद झालेलं, तरी डोळ्यांची खोड गेली नव्हती. इथंही पहिल्या दिवसापासून तो पाळण्यांपेक्षा रांगा बघत होता. एक दोरी या खांबाला, एक त्या खांबाला, मधे टोपीवाला एक पोरगा नुसता हात दाखवतो आणि हजार माणसं मुकाट वळतात. काम जाणणारा होता तो पोरगा. पण मेंढरं एवढी सोपी नसतात, हेही त्याच्या मनात येऊन गेलंच.

मग ढोल वाजले. मिरवणूक होती – फुलांनी मढवलेल्या गाड्या, वर नाचणारी माणसं – आणि टोपीवाले धावत येऊन रस्त्याच्या कडेनं दोरी धरून उभे राहिले. एकीनं वाकून, हसून, दोन्ही हातांनी सोमाजीला उठवलं आणि पलीकडच्या बाजूला नेऊन उभं केलं. नाही म्हणायला तिची भाषा येत नव्हती. गाड्या गेल्या. दोरी सुटली. रस्ता पुन्हा माणसांनी भरला, आणि निळं जाकीट कुठंच नव्हतं. निळी जाकिटं बरीच होती. तिचं नव्हतं.

त्याचा मोबाइल पार्काजवळच्या त्यांच्या हॉटेलाबाहेर चालत नव्हता. तो परत बाकापाशी आला. बाकावर आता एक बाई पोराला दूध पाजत होती, म्हणून तो शेजारी उभा राहिला.

घाबरला नाही. नंतर त्यालाच त्याचं नवल वाटलं. कोकरू चुकलं तर ते हिंडत नाही – जिथं आईला शेवटचं लुचलं तिथं येऊन उभं राहतं. आणि आईही तिथंच येते. हे त्यानं स्नेहललाही सांगितलेलं, ती सहा-सात वर्षांची असताना, मंचरच्या बाजारात. त्यानंतर सांगायला वेळच कुठं झाला... नऊ वर्षांची झाली आणि मंचरच्या वसतिगृहात गेली. दिवाळी झाली की तो खांड घेऊन घाट उतरायचा, जेठात परत यायचा. सुट्टीत पोरगी घरी यायची तेव्हा तो तिकडं, तो घरी यायचा तेव्हा तिची शाळा. भैरवनाथाच्या यात्रेत पाळण्यात बसायला ती एकदाही त्याच्याबरोबर गेली नव्हती. नर्सिंगला गेली हेही त्याला त्याच्या भावानं, जानकूनं फोनवर सांगितलं. आपण आणि आपली मुलगी, दहा दिवस सलग, एकाच ठिकाणी, असं कधी झालं होतं का – उभ्या उभ्या त्यानं आठवून पाहिलं. नव्हतं झालं. हे दहाच.

आणि इथं बिबट्या नव्हता, ऊस नव्हता, अंधार पडायला दोन तास होते. उभं राहायला काय झालं?

ती आली तेव्हा पळत आली. बरोबर निळ्या गणवेषातला एक माणूस, हातात वायरलेस. तिचे केस सुटलेले, नाक लाल. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि बोलायला लागली – रागानं, भराभर, दोन-तीन वाक्यं – आणि सोमाजीला एक अक्षर कळलं नाही. ती त्याला जपानीत रागावत होती. तिच्याही ते ध्यानात आलं; तोंड तसंच उघडं राहिलं, मग मराठी आली.

"कुठं व्हते तुमी? किती हुडकलं... पार त्या गेटापर्यंत जाऊन आले मी!"

"हितंच."

"हितं नव्हते तुमी! मी आले व्हते की!"

"त्या टोपीवालीनं पलीकडं नेलं. मग मी परत आलो. हललो न्हाई त्याच्यानंतर."

ती रडायला लागली, आणि रडता रडताच वळून त्या गणवेषातल्या माणसापुढं वाकली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, काहीतरी म्हणत. तो माणूसही वाकला. मग तिनं त्याला आणखी काही सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि वायरलेसवर बोलून निघून गेला. एवढं सगळं तिनं डोळे पुसता पुसता केलं. सोमाजी बघत राहिला. तिच्या आवाजात एक धार होती, काम करणाऱ्या माणसाची, समोरच्यानं ऐकायचंच असतं अशी. ही धार आपल्या घरातली नव्हे. गजराबाईचीही नव्हे. ही तिनं कुठनं आणली?

दूध पाजणारी बाई उठली. दोघं बसली.

"आमच्याकडं एक आजोबा निसटले व्हते," पाण्याची बाटली मांडीवर घेत स्नेहल म्हणाली. "मागच्या थंडीत. माझी ड्युटी व्हती. चार तासांनी सापडले. म्हणून मला तसं... सोडा."

ती म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते एवढं त्याला माहीत होतं. आंघोळी घालते, भरवते. लोकांच्या बापांना, असं एकदा गजराबाई म्हणाली होती, आणि मग दिवसभर गप्प होती.

"कुठं चालले व्हते ते?"

"गाई बघायला. त्यांचा गोठा व्हता पूर्वी. रोज सांजच्याला इचारतात, गाई आल्या का. बाकीचे सांगायचे, आजोबा, गाई कवाच विकल्या, आता न्हाईत. मग ते उठून बसायचे. शोधायला निघायचे." ती बाटलीचं झाकण उघडत, लावत होती. "मी सांगते, आल्या. मी मोजल्या. सतरा हायेत, सगळ्या. मग झोपतात."

सोमाजीनं विचार केला.

"सतराच व्हत्या का त्याच्या?"

"व्हय. मी पहिल्यांदा इचारून घेतलं ना. एक जरी कमी सांगितली तर झोपायचे न्हाईत."

"न्हाईच झोपणार," तो म्हणाला. आणि त्याला त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल, त्याच्या सतरा गाईंबद्दल, काहीतरी फार ओळखीचं वाटलं, आणि आपल्या पोरीबद्दल काहीतरी फार अनोळखी. दोन्ही एकदम. ती त्याच्या शेजारीच होती, तिच्या जाकिटाची बाही त्याच्या बाहीला लागत होती.

"आबा," ती पुढं बघतच म्हणाली, "आईचा निरोप कधी सांगणार हायात?"

सोमाजीनं स्वेटरचं बटण चाचपलं.

"मला म्हाईत हाय. आईनंच सांगितलं फोनवर, तुमी विमानात बसला त्याच दिवशी. फोटोबी धाडला. मी रोज वाट बघतीय, आज काढतील, आज काढतील..."

"मग तूच का नाय काढलास?"

"तुमी खूश व्हता ना. कशाला?"

असं होतं तर. नऊ दिवस दोघंही एकच ओझं घेऊन हिंडत होती, एकमेकांना कळू न देता, एकमेकांसाठीच. सोमाजीला हसू आलं, पण ते बाहेर आलं नाही.

"कसा वाटला?" त्यानं विचारलं.

"चांगला हाय की. वाईट काय हाय त्याच्यात?" मग थोडं थांबून, "मी ती मोठी परीक्षा पास झाले, आबा. मार्चमध्येच. आता मला पाहिजे तेवढी वर्सं ऱ्हाता येतंय हितं. आईला नाय सांगितलं. तुमालाबी नाय."

"ऱ्हायचंय का?"

"कळत नाय." ती खरं बोलत होती, खोटं बोलताना ती लहानपणीही अशी सरळ बसायची नाही. "खोलीवर गेलं की वाटतं, जावं. कामावर गेलं की वाटतं, ऱ्हावं. तुमी सांगा. तुमी म्हणाल ते करते."

म्हणजे गजराबाईचं खरं होतं. सांगितलं तर ती ऐकणार होती. ये म्हटलं तर येईल, सामान बांधून, सतरा गाई दुसऱ्या कुणाला तरी मोजायला लावून... आणि मंचरच्या कुठल्यातरी दवाखान्यात, घरापासून तासाभरावर, सणाला, आजारपणाला. मला भेटायला. मला पाहिजे आहे का ती? पाहिजेच आहे. मग सांग की. जीभ उचल.

"पास झालीस त्ये लई झ्याक केलंस," तो म्हणाला.

ती वळून बघायला लागली, पुढचं ऐकायला. पुढचं काही आलं नाही.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं, केस बांधले आणि डोक्यावरून गेलेल्या लोखंडी रुळांकडे बोट केलं. "मी त्याच्यात एकदा बसू का? तीन दिवस झाले... तुमाला एकट्याला कुठं सोडायचं म्हणून गेले न्हाई."

इतका वेळ त्या रुळांकडे त्यानं पाहिलंच नव्हतं. डोंगरासारखे चढलेले, मग सरळ खाली. "जा की. कोण नको म्हणतंय?"

"चाळीस मिनिटं रांग हाय. बॅग, फोन नेऊ देत न्हाईत." तिनं दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवलं. "आणि आता तुमाला परत एकटं –"

"जा तू," तो म्हणाला. "मोठा हाय मी."

ती गेली. त्याची नजर पाठीमागं निघाली तशी त्यानं ती मुद्दाम काढून घेतली, समोरच्या झाडाकडे लावली. झाडाची पानं पिवळी झाली होती. जड गेलं. मान परत परत तिकडं जात होती.

पाऊण तास गेला असेल, तिचा फोन थरथरला. पडद्यावर गजराबाईचा फोटो. तिकडं दुपार असेल, जेवणं उरकून ती पडवीत बसली असेल.

"आगं स्नेहल – आवो, तुमी? ती कुठाय?"

"वर हाय."

"वर म्हंजी कुठं?"

"पाळण्यात. आगगाडीसारखा हाय, पण डोंगरावरनं पडतोय." तेवढ्यात एक गाडी कड्यावरून सुटली आणि वरून शंभर गळ्यांची आरोळी आली.

"बया! कोण वरडतंय ते?"

"पोरी. बसणाऱ्या."

"कशापायी?"

"मजा म्हणून."

गजराबाईनं आवाज खाली आणून विचारलं, "काढला का इषय?"

"काढला."

"मग? काय म्हणाली?"

"मलाच इचारतीय ती," सोमाजी म्हणाला. "घरी आल्यावर बोलू आपण. मेंढरं नीट हायेत का?"

मेंढरं नीट होती. फोन ठेवून तो बाकापाशीच रुळांखाली उभा राहिला. दर चार-पाच मिनिटांनी एक गाडी चढायची, टोकावर क्षणभर थांबायची, पडायची. दोनशे मेंढरांत एखादं कोकरू ओरडलं तर कुठलं ते त्याला न बघता सांगता यायचं. आता मान वर करून, डोळे मिटून, तो त्या आरोळ्यांतून एक आवाज वेगळा काढू लागला. पण तिला असं ओरडताना त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. घरात ती मोठ्यानं हसायचीही नाही. कुठला आवाज शोधायचा?

गाडी पडली. त्यात एक बारीक, लांबलेली आरोळी होती, शेवटाला हसण्यात फुटलेली, आणि ती तिचीच, असं त्याला एकदम वाटलं. छातीत काहीतरी मोकळं झालं. मग पुढची गाडी पडली, तिच्यातही तशीच एक आरोळी होती. तीही तिचीच वाटली. आणि तिच्या पुढच्या गाडीतलीही.