बिनफोडणीची वाटी

धनलक्ष्मीनं माइकचं तोंड पदरानं पुसलं आणि समोरच्या बायांकडे न बघता मागच्या बाकाकडे बघितलं. तिथं तिची सासू ईरम्मा तिच्या धाकट्या शरणूला मांडीवर घेऊन बसली होती. शरणूला अजून वर्ष व्हायचं होतं, आणि सभेपेक्षा त्याला आजीच्या गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यात जास्त रस होता.

पेठेतल्या त्या शाळेत गोवराची साथ येऊन गेली होती. लस राहून गेलेल्या मुलांना पालकांच्या सह्या घेऊन ती शाळेतच द्यावी, म्हणून रिक्षावाल्या जोतिरामनं चार पालक गोळा करून ही सभा भरवली होती. पण शाळेत बाया येतात त्या मुलांचे मार्क बघायला. सुईचं नाव काढलं की निम्म्या जणींना घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं. आजही दोघी-तिघी उठल्याच होत्या; धनलक्ष्मी बोलायला लागली तशा त्या दारातच थांबल्या.

ती अक्षताबद्दल, आपल्या गेलेल्या थोरल्या लेकीबद्दल बोलली. शाळाशाळांतून नेहमी बोलायची तेवढंच. चार वर्षांची होती, लस राहून गेली होती, गोवर आला, आम्ही दवाखान्यात न्यायला उशीर केला. 'आम्ही' म्हणताना तिचा आवाज सपाट व्हायचा. त्या एका शब्दाखाली तिनं सगळं घर झाकून ठेवलं होतं.

बोलून झाल्यावर मल्लव्वा उठली. ती यांच्याच बोळात राहायची, तिची दोन्ही पोरं याच शाळेत होती, आणि बोळातल्या बाया तिच्या मानेकडे बघून मान हलवायच्या.

"तुमच्या ह्या धाकट्याला दिली का लस?"

"दिली. मागच्या आठवड्यात."

"मग ताप न्हाय आला?"

"येईल कदाचित. अंगावर थोडं पुरळही येईल. तो गोवर नव्हे, लसीनं होतं तसं. एक-दोन दिवसांत जातं. भ्यायचं नाही."

मल्लव्वानं शरणूकडे जरा वेळ बघितलं.

"मी बघते की येऊन," ती म्हणाली. "तुमच्या पोराचं बघते, मग सही करते."

बाकीच्या बायांनीही पेनं खाली ठेवली.

सासू-सून रिक्षानं घरी निघाल्या. अक्षता गेल्यापासून त्यांचं बोलणं मीठ-मिरचीपुरतंच उरलं होतं. तीन वर्षांपूर्वी अक्षताच्या अंगावर लाल पुरळ उठलं त्या दिवशी ईरम्मानं हात जोडून "अम्मा बंदाळ" म्हटलं होतं, अम्मा आलीय. देवी घरात पाहुणी आली की तिच्या रीती असतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, परक्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, पोराच्या अंगाला सुई टोचायची नाही. आणि घरात फोडणी द्यायची नाही, कारण तेलाचा चटका अम्माला सोसत नाही. धनलक्ष्मीच्या मनात शंका आली होती. तिनं ती गिळली आणि दहीभात कालवला. पुरळ मावळलं तेव्हा हिरवा खण आणि नारळ देऊन पाहुणीची पाठवणीही झाली. खोकला तेवढा राहिला. तो पोरीच्या छातीत उतरला, आणि मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत हातात काही उरलं नव्हतं.

त्यानंतर ईरम्मानं फोडणीचं खाल्लं नाही. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. धनलक्ष्मी रोज वरणाला फोडणी द्यायच्या आधी एक वाटी बाजूला काढून ठेवायची. अत्तीला, म्हणजे सासूला, अजून वाटतं, अम्मा गेलीच नाही, अशी तिची समजूत होती. त्या वाटीचा तिला राग यायचा, आणि रोज ती वाटी भरायचीही तिनंच.

सभेनंतर दोन दिवसांनी सकाळी शरणूला आंघोळ घालताना तिला त्याच्या कानामागं लाल ठिपके दिसले. मग मानेवर दिसले. अंग कोमट होतं. तिला सगळं माहीत होतं. नर्सबाईंनी सांगितलेलं, तिनं स्वतः माइकवरून सांगितलेलं. तिनं त्याला पुसलं, झबलं घातलं, ईरम्माच्या मांडीवर ठेवलं आणि स्वयंपाकाला लागली. वाटी बाजूला काढली. पळीत तेल तापलं, मोहरीचा डबा उघडला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. धनलक्ष्मीच्या हातानं गॅसच बंद केला. तिनं हाताकडे बघितलं तेव्हा बोटं अजून खटक्यावरच होती.

त्याच वेळी मल्लव्वा दारात आली.

तिनं उंबऱ्याबाहेरूनच पोराकडे बघितलं. मानेवरचे ठिपके तिथूनही दिसत होते. मग तिची नजर ओट्यावर गेली. धग निघणारी पळी, उघडा डबा, विझलेला गॅस. ती या बोळातलीच होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

"फोडणी बंद केली व्हय?" तिनं हळू आवाजात विचारलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर धनलक्ष्मीला उत्तर देता आलं असतं. एवढ्या शाळा, एवढी भाषणं केली होती तिनं. आता तिला फक्त अक्षताचं तापलेलं कपाळ आठवत होतं.

मल्लव्वा निघायला वळली. "असू दे. अम्मा आलीय तर मी आत येत न्हाय."

"थांब की," ईरम्मा म्हणाली.

ती गुडघ्यावर हात रेटून उठली, उंबऱ्यापाशी गेली आणि शरणूला सरळ मल्लव्वाच्या हातात दिलं.

"घे त्याला. आत ये. हितं कोण आलं न्हाय. सुईचा ताप हाय तो."

मल्लव्वानं पोर छातीशी धरलं आणि उंबरा ओलांडला. ईरम्मा ओट्याशी आली. धनलक्ष्मीला तिनं खांद्यानं जरा बाजूला सारलं आणि गॅस पेटवला. तेल पुन्हा तापायची तिनं वाट बघितली, मग मोहरी टाकली. मोहरी तडतडली. तिनं हिंग टाकला, लाल मिरच्या मोडून टाकल्या. पळी वरणात बुडवली आणि चर्र आवाज घरभर झाला. मग तिनं बाजूला काढलेली आपली वाटी उचलली आणि त्याच पातेल्यात उपडी केली.

"अत्ती," धनलक्ष्मी म्हणाली.

"तवाच फोडणी द्यायची होती गं," ईरम्मा पातेल्यात बघत म्हणाली. "अम्मा नव्हती ती, मला कळलं होतं. पोरगी गेली त्याच दिवशी कळलं होतं."

मिरचीचा धूर खोलीत भरला. मल्लव्वाला ठसका लागला, तिच्या खांद्यावर शरणू दोनदा शिंकला आणि आपल्याच शिंकेचं नवल वाटून हसला. मल्लव्वानं त्याच्या मानेवरून अलगद बोट फिरवलं. "ताप हाय, पण खेळतंय की," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

अक्षताला फोडणीचा ठसका लागला की ती नाक दाबून ओरडायची, अज्जी, खिडकी! मग ईरम्मा असेल तिथून उठून यायची आणि खिडकी उघडायची. तीन वर्षं ती खिडकी धनलक्ष्मीच उघडत आली होती.

आज कुणी ओरडलं नाही. ईरम्मानं पळी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि जाऊन खिडकी उघडली. धूर केव्हाच निघून गेला, तरी ती गज धरून तिथंच उभी राहिली.