गंगाबाईची खारी सवत

मी प्रवाळ बोलतोय. अंगठीतलं लाल पोवळं नव्हे हं. मी जिवंत आहे. समुद्रातल्या खडकाला धरून राहणारी आमची जात. माझ्या अंगावर इवलाली शेकडो तोंडं आहेत आणि प्रत्येक तोंडाभोवती हिरवट झालर. इतकी तोंडं असून एकालाही बोलता येत नाही, म्हणून आज सगळी कसर भरून काढतो. ऐकून घ्या.

जन्म माझा मालवणच्या खडकांतला, पण राहतो मी चौक गावात. मुंबई-पुणे रस्त्याला लागून गंगाबाईचं चहाचं हॉटेल आहे, तिथं, भज्यांच्या परातीपासून चार हातांवर. घाबरू नका, काचेच्या टाकीत राहतो. ट्रकवाले चहा पिता पिता माझ्याकडे बघतात, आणि मी त्यांच्याकडे. डोळे मला नाहीत, पण उजेड-सावली कळते, आणि मायेनं जवळ आलेलं माणूसही कळतं.

गंगाबाईचा नवरा धर्माजी किनाऱ्यानं जाणाऱ्या बोटीवर खलाशी होता. वर्षाचे बहुतेक महिने पाण्यावर. हॉटेल आणि संसार गंगाबाईनं एकटीनं ओढला. तो घरी आला की ती विचारायची, "तुमचं लगीन माज्याशी लागलंय का दर्याशी?"

पुढं त्याला दम लागायला लागला आणि नोकरी सोडावी लागली. शेवटच्या फेरीत त्यानं मला बादलीत घातलं, वाटेतल्या प्रत्येक बंदरात ताजं पाणी बदललं आणि एसटीत मांडीवर धरून चौकला आणलं.

"तू कदी दर्या बघितला नायस," तो बायकोला म्हणाला. "म्हनून त्याचा तुकडा आनलाय."

गंगाबाईनं मला वरखाली न्याहाळलं. "म्हंजे आता सवत घरातच आनली म्हना की."

तेव्हापासून मी सवत. मी बाई की बुवा हे मलाच ठाऊक नाही, पण नाव मला आवडलं.

धर्माजीनं माझं सगळं हौसेनं केलं. वर ट्यूबलाइट, कडेला हवेचा पंप, तळाला शिंपल्यांचा चुरा. नागू नावाचा टेंपोवाला रेवदंड्याहून कर्जतला सुकी मासळी न्यायचा. तो अधूनमधून समुद्राच्या पाण्याचा एक कॅन उतरवून जायचा. "हिला नळाखाली धरू नको हं," धर्माजीनं बायकोला बजावलं होतं. "गोडं पानी अंगावर पडलं तर मरंल."

दोन वर्षांनी धर्माजी गेला. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्याचा फोटो लागला. आणि मग चौकच्या रस्त्यावरची माया माझ्यावर कोसळली. किनाऱ्याकडून येणारा प्रत्येक ड्रायव्हर "जय भीम, काकी" म्हणत पाण्याचा कॅन घेऊन उतरू लागला. काकाचा दर्या सुकता कामा नये, असं जणू सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी खाली जायचं, आणि गंगाबाई लगेच समुद्राच्या पाण्यानं टाकी काठोकाठ भरायची. समुद्राच्या जिवाला समुद्राचंच पाणी, यात चुकीचं काय वाटणार?

मी मात्र मिटत चाललो. आधी थोडी तोंडं उघडेनात, मग एकही उघडेना. अंगावर बुळबुळीत साय धरली. एका कडेचं मांस झडून पांढरं हाड दिसायला लागलं.

गंगाबाई घाबरली. उजेड कमी पडतोय म्हणून तिनं ट्यूब खाली आणली, काही फरक पडला नाही. भूक लागली असेल म्हणून सुक्या मासळीतला जवळा कुटून घातला, तर पाणीच गढूळ होऊन वास मारू लागलं. शेजारच्या गॅरेजवाल्या पोशानं कुठूनसं माशांचं निळं औषध आणलं. तिनं बाटली हातात घेतली आणि परत दिली.

"कशानं आजारी हाय ते कळल्याबिगर काय बी वतायचं नाय रं."

पोशा गेल्यावर ती फोटोसमोर उभी राहिली. "मागं एवढी एक वस्तू ठेवलीत. ती बी माज्या हातून चालली."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण सांगणार कसं?

दुसऱ्या दिवशी काच पुसताना टाकीच्या काठावरचा पांढरा थर तिच्या बोटांना लागला. तिनं बोट जिभेला लावलं. मीठ. मग टाकीतलं पाणी चाखलं, नव्या कॅनमधलं चाखलं, पुन्हा टाकीतलं चाखलं, आणि थुंकली. चुलीवर तिची मिसळीची तर्री रटरटत होती. दुपारपर्यंत आटून ती खारट होते आणि गंगाबाई तीत साधं पाणी घालते, हे तर तिचं रोजचंच काम. ती डाव हातात धरून तशीच उभी राहिली.

"पानी उडून जातंय, मीठ मागंच राहतंय," ती हळू म्हणाली. मग एकदम खाली बसली. "आनि मी ह्यांच्याशी भांडायची."

धर्माजी रोज पहाटे माठातलं पाणी तांब्याभर घेऊन जायचा. गाळून ठेवलेलं पाणी कुठं उधळता, म्हणून ती चूल पेटवता पेटवता कुरकुरायची. तो नुसता हसायचा. तो तांब्या माझा होता.

तिनं एकदम भसकन पाणी ओतलं नाही. तापल्या काचेच्या ग्लासात गार पाणी ओतलं तर तो तडकतो, हे चहावालीला कुणी सांगावं लागत नाही. रोज थोडं खारं पाणी काढायचं आणि तांब्याभर गोडं पाणी पंपाच्या बुडबुड्यांजवळ धारेनं सोडायचं, असं तिनं सुरू केलं. अंगावरची साय कोंबडीच्या पिसानं झाडली. मेलेली कड पोशाच्या पकडीनं तोडली. ट्रकच्या लाल रंगानं काचेवर रेघ मारली. पाणी खाली गेलं की माठातल्या पाण्यानं रेघेपर्यंत भरायचं, आणि कॅन एकट्या नागूनंच आणायचा, तोही गढूळ पाणी बदलायला.

बरेच दिवस गेले. मग एका सकाळी माझं एक तोंड उघडलं. त्या दिवशी हॉटेलातल्या सगळ्यांना चहा फुकट मिळाला.

नागू पुढच्या खेपेला म्हणाला, "काकी, ह्या टायमाला कॅन भराया तुमीच चला."

ती नाही-नाही म्हणत टेंपोत बसली. संध्याकाळी परतली तेव्हा लुगड्याचा काठ ओला होता आणि पायांना वाळू चिकटली होती. आता माझी सगळी तोंडं उघडी असतात, तोडलेल्या कडेवर नवं मांस धरलंय. धर्माजीचे उपकार आहेत, नागूचे आहेत, मायेपोटी मला खारवून टाकणाऱ्या ड्रायव्हरांचेही आहेत. पण सगळ्यात मोठे तिचे. एवढंच मागतो, वर्षातून एकदा तरी तिला समुद्राकडं नेत जा रे कुणीतरी.

कारण त्या संध्याकाळी ती हातपाय न धुताच माझ्याजवळ आली, काचेला कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "सवती, तुजं माहेर बघून आले गं. लई मोटं हाय. ते का रमायचे, ते कळलं मला."