धोंड्याची चाकं

तोतारामचे गुडघे आता जॅकपेक्षा जास्त वाजत. धुळ्यात पारोळा रोडवरच्या आपल्या टायरच्या दुकानात उकिडवं बसण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. रविवारी तरी पाठ टेकू म्हटलं, तर या रविवारीही तो खालीच बसलेला. गाडी जावयाची होती ना! जावयाची गाडी म्हटल्यावर सासऱ्याच्या गुडघ्यांना कोण विचारतो.

भूमिकेच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. जावई चंदनराव, त्यांची आई सुगंधाबाई आणि भूमिका, तिघं सकाळीच जळगावहून आले होते. दुकानामागच्या घरात प्रमिलाबाईंनी तेहतीस अनारसे तळून ठेवले होते, वाणाचा चांदीचा दिवा घासूनपुसून ठेवला होता. आणखी काय हवं, असं फोनवर लाडानं विचारलं तेव्हा जावई म्हणाले होते, "मामा, तुमचा धंदाच आहे. गाडीला मॅगव्हील द्या." तोताराम मनातून खूश झाला होता. चला, ज्यातलं आपल्याला कळतं ते तरी मागितलं. गाडीचं मॉडेल विचारून, मापं ताडून त्यानं पंधरा इंची चार चकचकीत अलॉय चाकं आणून खोक्यात बांधून ठेवली होती. एकेक चाक असं की त्या गाडीसाठीच जन्माला आलेलं.

पण जावईबापू आपली चाकं सोबतच घेऊन आले. सतरा इंची, काळीभोर, रुंद, टायर चढवलेली. एका मित्राकडे पसंत केलेली. दोन डिकीत आणि दोन मागच्या सीटवर. पुढे आई बसल्या होत्या, आणि त्या दोन चाकांच्या शेजारी उरलेल्या वीतभर जागेत जळगावपासून भूमिका अंग चोरून बसून आली होती. तिच्या साडीला रबराचा काळा पट्टा लागला होता. तोतारामनं तो पाहिला.

"तुमची परत करा मामा, वाण म्हणून हीच धरू," चंदनराव म्हणाले. "नुसती बसवून द्या."

आता तोतारामच्या दुकानात ‘बसवणं’ या शब्दाला फार किंमत. चाक बसतं, नाहीतर बसवावं लागतं. जे बसतं त्याच्यावर तो हमी द्यायचा. जे बसवावं लागतं ते घेऊन येणाऱ्याला चहा पाजून परत पाठवायचा. तीस वर्षांत त्यानं हा नेम मोडला नव्हता.

त्यानं गाडीची मागची दोन चाकं काढून तिथे काळी चढवली. चारही भोकं बरोबर जुळली.

"बघा, बसलं की," चंदनराव म्हणाले.

"भोकं जुळली," तोताराम म्हणाला. "मधलं छिद्र मोठं आहे, त्याला रिंग लागेल. ते करता येईल. पण चाक बाहेर किती आलंय बघा."

"तोच तर लूक आहे मामा. आणि घासत कुठंय? हात जातोय वरून."

"गाडी रिकामी आहे अजून. तिघांना मागे बसवू या."

प्रमिलाबाई बसल्या, भूमिका बसली. सुगंधाबाई मात्र पदर सावरत उभ्याच राहिल्या. "मले काय वजनमाप समजले का व्याही?" असं म्हणाल्या, पण बसल्या. गाडी मागून खाली दबली. तोतारामनं टायर आणि मडगार्डच्या काठामध्ये हात घालून पाहिला. हात राहू द्या, करंगळीसुद्धा शिरेना.

"काठ ठोकून आत घ्या मग," चंदनराव म्हणाले. "आमच्याकडे सगळे करतात."

"एरंडोलच्या अलीकडे एक खड्डा लागला तरी टायरची कड कापली जाईल. ऐंशीच्या वेगात फुटला तर गाडी हातात राहत नाही, चंदनराव. माझी आणलेली घाला. तीसुद्धा चांगली दिसतात."

चंदनराव वळले. मोबाईल काढून बाजूला जाऊन उभे राहिले, आणि त्यांचा जबडा आवळला गेला तो तसाच राहिला. सुगंधाबाई गाडीतून उतरताना म्हणाल्या, "राहू दे रे चंदन. द्यायचं मनात नसलं की लोकांना मापं सुचतात."

प्रमिलाबाईंनी नवऱ्याला कोपऱ्यात ओढलं. "जवाईले नाराज धाडू नका. पोरले तठे नांदनं शे," त्या कुजबुजल्या. लेकीला शेवटी तिथंच दिवस काढायचे, म्हणून त्यांचे डोळे भरले होते.

तोतारामला एकदम फार थकवा आला. वाटलं, ठोकावा काठ, बसवावीत चाकं, जेवावं आणि आडवं व्हावं. तो टायरच्या ढिगावर टेकला. भूमिका पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आबा, बसवून द्या."

"तुला कळलं नाही पोरी. ती घासतील."

"कळलं मला." ती तांब्याकडे बघत बोलत होती. "मागे मीच बसते ना. घासलं की मला आवाज येईल, मी हळू चालवा म्हणेन. नाही बसवलीत तर जळगावपर्यंत मला ऐकावं लागेल, आणि मग पंधरा पंधरा दिवस ते बोलत नाहीत. आईंनाही बोलू देत नाहीत माझ्याशी. मला चाक घासलेलं चालेल आबा."

तोतारामनं तांब्या घेऊन खाली ठेवला. सोयरिकीला गेलो तेव्हा आपण घर पाहिलं, नोकरी पाहिली, केळीचा बाग पाहिला. पोराच्या मनाविरुद्ध झालं की तो काय करतो, हे विचारायचं आपल्याला सुचलं नाही. परक्याच्या गाडीची सूतसूत मापं काढणारे आपण! त्याला जावयाचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि तो गिळता येईना.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

तो उठला. गुडघे वाजले. जॅक लावून त्यानं एकेक करून काळी चाकं उतरवली, जुनी चढवली, नट आवळले. घाई केली नाही. मग हात पुसत जावयासमोर जाऊन उभा राहिला.

"चंदनराव, ही चाकं बसत नाहीत. मी बसवणार नाही. जेवून जा, दिवा घेऊन जा, तुमचा मान आहे तो. भूमिका मात्र आज तुमच्याबरोबर येणार नाही."

प्रमिलाबाईंनी तोंडावर पदर धरला. सुगंधाबाई काही म्हणणार होत्या, पण चंदनरावांनी हातानं थांबवलं. ते हसले.

"हे तुम्ही ठरवता का मामा? तिला विचारा. ती येणार."

तोतारामनं विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही, कारण ती ‘जाते’ म्हणाली असती तर त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता. भूमिका दाराशी उभी होती. ती नवऱ्याकडे बघत गाडीपर्यंत चालत गेली. चंदनरावांनी चावीनं लॉक उघडून दिलं. तिनं मागचं दार उघडलं, सीटच्या खालून आपली बॅग ओढून काढली, दार लावलं आणि घरात गेली.